वारा उतरला, पाणी नाही

२८ ऑगस्ट २००५, रविवार. मेक्सिकोच्या आखातात ‘कॅटरिना’ चक्रीवादळाचे वारे ताशी २८० किलोमीटरवर पोचले होते, श्रेणी पाचवी, म्हणजे सर्वांत वरची. सोमवारी सकाळी लुइझियानातल्या ब्युरासजवळ वादळ किनाऱ्याला लागलं तेव्हा हाच वेग २०५च्या आसपास होता. श्रेणी तिसरी. वादळाचा जोर ओसरला असं म्हणणारा खोटं बोलत नव्हता. तरीही त्याच दिवशी मिसिसिपीच्या पास ख्रिश्चन गावात समुद्र साडेआठ मीटर चढला.

हे कसं? चक्रीवादळाच्या डोळ्याभोवती उंच ढगांची भिंत असते आणि सर्वांत माथेफिरू वारे तिच्यातच असतात. श्रेणी ठरते ती या वाऱ्यांवरून. कॅटरिनाची आतली भिंत किनाऱ्याआधी ढासळली, पश्चिमेकडून कोरडी हवा शिरली आणि कमाल वेग झपाट्याने उतरला. पण वादळाचा घेर आवळला नाही. केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटर दूरही सोसाट्याचे वारे पाणी रेटत होते. शिवाय आदल्या दिवशी उठलेल्या लाटा वाटेतच होत्या. वारा तासाभरात मंदावतो. हललेला समुद्र इतक्या लवकर शांत होत नाही. सोमवारी सकाळी अलाबामाच्या दक्षिणेला नांगरलेल्या बोयाने सुमारे १७ मीटर उंचीच्या लाटा नोंदवल्या. हे सारं पाणी मिसिसिपीसमोरच्या उथळ समुद्रात आलं. खाली उतरायला खोली नाही, म्हणून ते जमिनीवर चढलं.

मला सर्वांत जास्त टोचते ती १९६९ची आठवण. त्या वर्षीचं ‘कॅमिली’ याच किनाऱ्यावर पाचव्या श्रेणीत आलं होतं. त्यात तगलेलं घर या वादळाला काय भिणार, असा हिशोब करून काही माणसं घरातच थांबली. कॅमिली मात्र आटोपशीर घेराचं होतं. कॅटरिनाचं पाणी त्याच्याहून वर गेलं. न्यू ऑर्लिन्समध्ये तर कालव्यांच्या भिंतीच फुटल्या आणि ८० टक्के शहर बुडालं.

म्हणूनच एखाद्या वादळाबद्दल ‘जोर ओसरतोय का?’ असं कुणी विचारलं, तर मी आधी विचारेन, कशाचा जोर? अमेरिकेच्या हवामानखात्याने २०१०मध्ये वादळांची श्रेणी ठरवणाऱ्या सॅफिर-सिम्पसन मोजपट्टीतून उधाणाचे, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर रेटलेल्या पाण्याचे, आकडे काढले आणि ती फक्त वाऱ्यापुरती ठेवली. २०१७पासून तिथे उधाणाचा इशारा वेगळा निघतो. सोबतच्या अंदाजात श्रेणी नसते. तुमच्या जमिनीवर पाणी किती फूट चढू शकेल, ते लिहिलेलं असतं.