कर्मचारी संलग्नता

कर्मचारी संलग्नता म्हणजे कर्मचाऱ्याचे आपल्या कामाशी आणि संस्थेशी असलेले मानसिक नाते. हे नाते सैल झाले की कर्मचारी नेमून दिले तेवढेच काम करतो, सूचना करणे थांबवतो, वारंवार गैरहजर राहतो आणि संधी मिळताच नोकरी सोडतो. या अवस्थेस असंलग्नता, तर कर्मचारी सोडून जाण्याच्या प्रमाणास कर्मचारी गळती असे म्हणतात. मनुष्यबळ व्यवस्थापनात या दोहोंचा एकत्र विचार होतो. मात्र नोकरीत टिकून राहिलेला प्रत्येक कर्मचारी संलग्न असतोच असे नाही.

संकल्पना

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या द्विघटक सिद्धान्तानुसार अपुरे वेतन, असुरक्षितता व जाचक देखरेख यांमुळे असमाधान निर्माण होते. ही कारणे दूर केल्याने असमाधान कमी होते. पण कामाची ओढ वाटण्यासाठी यश, कौतुक, जबाबदारी आणि प्रगतीची संधी लागते. विल्यम कान यांनी १९९० मध्ये संलग्नतेच्या तीन अटी सांगितल्या: काम अर्थपूर्ण वाटणे, मत मांडल्यास नुकसान होणार नाही असा विश्वास असणे आणि कामासाठी पुरेशी शारीरिक व मानसिक शक्ती शिल्लक असणे.

गळतीचे परिणाम

सलग पाळ्यांत चालणाऱ्या कापड उद्योगात गळतीचे परिणाम लवकर दिसतात. कापूस पिकवणाऱ्या विदर्भात हा उद्योग जुना असून यवतमाळ शहरालगतच्या लोहारा औद्योगिक वसाहतीतही डेनिम कापडाची गिरणी आहे. सूत तुटणे, कापडातील दोष किंवा यंत्राचा बदललेला आवाज ओळखण्याचे कौशल्य अनुभवाने येते. अनुभवी कामगार गेल्यास नव्या माणसाची निवड व प्रशिक्षण यांचा खर्च वाढतो, तसेच उरलेल्यांवर कामाचा ताण येतो.

एम्प्रेस मिलचे उदाहरण

जमशेटजी टाटा यांची नागपूर येथील एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. परिसरातील मजुरांना गिरणीच्या ठरावीक वेळेची सवय नव्हती आणि गैरहजेरी ही मोठी अडचण होती. जमशेटजी व व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी केवळ शिक्षेवर भर दिला नाही. बक्षीस समारंभांत कामगारांना घड्याळे, साखळ्या व कापड दिले जाई. खेळ आणि कौटुंबिक मेळावेही होत. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी, १८९५ मध्ये अपघात भरपाई आणि १९०१ मध्ये भविष्य निर्वाह निधी सुरू झाला. यांपैकी निधींमुळे टिकून राहण्याचे आर्थिक कारण मिळाले, तर बक्षिसांमुळे कामाची जाहीर दखल घेतली गेली.

नियोक्त्यांचे उपाय

• कारणाचा शोध: कर्मचारी सोडून जाताना घेतलेल्या मुलाखतीपेक्षा तो नोकरीत असतानाच केलेली विचारपूस अधिक उपयोगी ठरते. उत्तर देणाऱ्यास त्रास होणार नाही याची खात्री आवश्यक असते.
• ऐकल्याचा पुरावा: सूचनेवर काय निर्णय झाला, हे कारणासह कळवणे. ती नाकारली तरी उत्तर देणे गरजेचे असते.
• पर्यवेक्षकांचे प्रशिक्षण: कामगाराचा रोजचा संबंध मालकाशी नव्हे, तर पर्यवेक्षकाशी येतो. त्याची भाषा, पाळ्यांचे वाटप आणि रजेबाबतची समदृष्टी यांवर विश्वास अवलंबून असतो.
• कामाची फेररचना: कामात विविधता, निर्णयाची थोडी मोकळीक आणि नवे कौशल्य शिकण्याची सोय.
• वाढीचा मार्ग: बढतीचे निकष आधीच जाहीर करणे.
• कामाच्या वेळा: पाळीचे वेळापत्रक आगाऊ देणे आणि पुरेशी विश्रांती मिळेल अशी आखणी करणे.

मर्यादा

कल्याणकारी योजना योग्य वेतनाची जागा घेऊ शकत नाहीत. एम्प्रेस मिलमध्येच १८७७ साली वेतनदरावरून संप झाला होता. भारतातील आरंभीच्या गिरणी संपांत त्याची गणना होते. मालकाच्या इच्छेवर अवलंबून असलेली सवलत काढूनही घेता येते, म्हणून कामगार संघटना व कायदे यांचे महत्त्व असते. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये, तर भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये आला. एकेकाळी मालकाच्या पुढाकाराने मिळणाऱ्या या सोयी कायद्याच्या कक्षेतील आस्थापनांत आता कर्मचाऱ्याचा हक्क आहेत. त्यामुळे त्या देणे हे नियोक्त्याचे कर्तव्य ठरते. संलग्नतेसाठीचे प्रयत्न त्यापुढे सुरू होतात.