रुमालाखालची बोटं आणि चार आकडे

पासकोडला मराठीत जुना, देखणा शब्द आहे: परवलीचा शब्द. रात्रीच्या पहाऱ्यावरचा शिपाई ‘कोण आहे?’ म्हणून दरडावायचा. ठरलेला शब्द सांगितला की वाट मोकळी. आता दरडावतो तो मोबाइल.

वऱ्हाडाला कुलूपबंद अक्षरांचा नाद फार जुना. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर म्हणजे महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंचं गाव. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं ते इथेच. महानुभावांनी पुढे आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत उतरवल्या. सकळ, सुंदरी, वज्र, अंक... नावंच किती गोड! युक्ती अशी, की एका अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर किंवा चिन्ह ठेवायचं. किल्ली गुरूकडून शिष्याकडे जायची. परक्याच्या हाती पोथी पडली तरी त्याला ओ की ठो कळायचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, तेव्हा कुठे जुन्या मराठीचं हे भांडार अभ्यासकांना खुलं झालं. शतकानुशतकं टिकलेला पासवर्ड आपल्या मातीतला आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

दुसरा कोड बाजारातला. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून भाव ठरवायचा. एक बोट एक, पंजा पाच. शेकडा की हजार, ते दोघांनाच ठाऊक. याला म्हणतात हत्ता. बैलबाजारात ही रीत रंगतदार वाटते. पण शेतमालाच्या सौद्यात व्यापारी-दलालांचे हात रुमालाखाली, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून अंधारात! हे बरं नव्हतंच. बाजार समित्यांत उघड लिलाव आला तो याचसाठी. कापसाचा पहिला नियंत्रित बाजारही वऱ्हाडातलाच, कारंजाचा, १८८६ सालचा.

टपालाचा पिन मात्र गुपित नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची ही कल्पना १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. अकोला ४४४००१, अमरावती ४४४६०१. पहिले तीन आकडे सारखे.

एटीएमचा पिन चार आकडी का? यंत्राचे एक जनक जॉन शेफर्ड-बॅरन यांना सहा आकडे हवे होते. पत्नी म्हणाली, मला चारच लक्षात राहतात. झालं! चार आकड्यांच्या जुळण्या होतात दहा हजार. तरी अमरावतीकरानं एसटीडी कोडचा ०७२१ किंवा पिनकोडातला ४४४६ ठेवू नये; अख्ख्या गावाला पाठ आहेत ते. आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असं कुणी म्हटलं की फोन ठेवून द्या.

माझ्या आत्यानं पहिला पिन पासबुकाच्या पुठ्ठ्यावर लिहिला होता. मी खोडायला लावला. “अवं, मंग ध्यानात कसा राह्यीन?” म्हणाली. दोन दिवस घोकून पाठ केला. तिचे वडील बैलांचे व्यापारी. परवा एटीएमपुढे तिनं पदर ओढून बटणांवर धरला, आणि त्याखाली बोटं चालवली.