अटीची अनुक्त बाजू

संगणकाला काम सांगणे म्हणजे बहुतांशी अटी घालणे. अमुक असेल तर हे कर, नसेल तर ते कर, एवढ्याच सामग्रीवर पगारपत्रकापासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंतचे व्यवहार उभे असतात. ही रचना नवा विद्यार्थी एका दुपारात शिकतो आणि पुढे कित्येक महिने तीत चुकत राहतो, याचे कारण मला आपल्या संभाषणाच्या सवयीत दिसते: आपण अर्धे बोलतो, उरलेले ऐकणारा जाणून घेतो, आणि यंत्राकडून ही मेहेरबानी कधीच होत नाही.

दहावीच्या निकालाचा प्रोग्राम लिहिताना विद्यार्थी स्वाभाविकपणे खालून आरंभ करतो: ३५ किंवा अधिक गुण असतील तर उत्तीर्ण, ४५ असतील तर द्वितीय श्रेणी, ६०ला प्रथम, ७५ला विशेष प्रावीण्य. इफ आणि एल्स-इफ यांच्या या साखळीत यंत्र वरून खाली येते आणि पहिली खरी अट भेटताच पुढच्यांकडे पाहतही नाही. सबब ९० गुण मिळवणारी मुलगी केवळ उत्तीर्ण ठरते. यातले प्रत्येक कलम स्वतंत्रपणे निर्दोष आहे. दोष सारा अनुक्रमाचा, म्हणूनच तो डोळ्यांना लवकर सापडत नाही. सर्वांत कडक अट आधी लिहिली की तो जातो.

अर्धे बोलण्याची सवय येथेही नडते. ‘शहर पुणे किंवा नागपूर असेल तर’ हे वाक्य पायथन या संगणकभाषेत जसेच्या तसे उतरवले, तर ‘किंवा’नंतरचे ‘नागपूर’ शहराशी ताडून पाहिले जात नाही. रिकामी नसलेली कोणतीही अक्षरमाला ती भाषा सत्य मानते, आणि मग पत्ता कोल्हापूरचा असला तरी अट मंजूर होते. तुलना दोन्हीकडे पूर्ण लिहावी लागते. नकाराचेही तसेच आहे. ‘वय १८ ते ६०’, म्हणजे किमान १८ आणि कमाल ६०, या अटीचा नकार करताना ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ यावे लागते, १८हून कमी किंवा ६०हून अधिक. हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो.

तथापि सर्वांत महाग पडते ती न लिहिलेली बाजू. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचे झून नावाचे, ३० गिगाबाइटचे संगीतयंत्र ठिकठिकाणी एकाच दिवशी गोठले. त्याच्या घड्याळात १९८०पासूनच्या दिवसांवरून वर्ष काढणारा एक लूप होता, आणि दिवस ३६५हून अधिक असेपर्यंत तो फिरत राहावा अशी तरतूद होती. आत लीप वर्षाची वेगळी अट: दिवस ३६६हून अधिक असतील तर ३६६ वजा करावे आणि वर्ष एकाने वाढवावे. २००८ हे लीप वर्ष असल्याने त्याच्या अखेरच्या दिवशी आकडा नेमका ३६६ उरला. तो ३६५हून मोठा असल्याने लूप सुटेना. ३६६हून मोठा नसल्याने वजाबाकी होईना. आणि अशा वेळी काय करावे, याविषयी मसुद्यात अक्षरही नव्हते. दुसऱ्या दिवशी आकडा ३६७ झाला, वजाबाकी सुरळीत पार पडली आणि बॅटरी उतरून पुन्हा सुरू केलेली यंत्रे चालू लागली. ३६५, ३६६ आणि ३६७ हे तीन आकडे घेऊन तो लूप कागदावर एकदा हाताने चालवला असता, तर मधल्या आकड्यावर पेन्सिल अडली असती.