न दिसणारी चीर

खडकवासल्याच्या जलाशयाजवळ राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. १९५५ साली तिचे उद्घाटन झाले. तेथील हवाई दलाच्या छात्रांना मोटरग्लायडर नावाच्या हलक्या विमानातून उड्डाणाचे पहिले धडे मिळतात. अशा विमानाच्या नाकावर फिरणारा पंखा, म्हणजे प्रोपेलर, जमिनीला लागला तर काय होईल?

पाते मोडेल, असे तुम्ही म्हणाल. परंतु खरी इजा आत असते. पुष्कळ लहान विमानांत प्रोपेलर इंजिनाच्या मुख्य पोलादी दांड्याला, म्हणजे क्रँकशाफ्टला, थेट जोडलेला असतो. तो मिनिटास सुमारे २,४०० फेरे घेतो. म्हणजे सेकंदास ४०! पाते आपटताच पंखा एकाएकी अडतो. पण आतील दट्ट्ये व दंतचक्रे पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतात. या ओढाताणीत दांड्याला पीळ बसतो, एखाद्या दंतचक्राला चीरही पडते. वरून इंजिन धडधाकट दिसते, सुरूही होते. चीर मात्र फेऱ्याफेऱ्याला वाढत जाते आणि एखादे दिवशी दांडा आकाशातच तुटतो.

म्हणून असे इंजिन पूर्ण उकलून तपासतात. मडके विकत घेताना आजी त्यावर टिचकी मारून पाहते ना? तशीच ही परीक्षा. दांडा दोन आधारांवर ठेवून हळूहळू फिरवतात. मापकाचा काटा प्रमाणाबाहेर हलला, की तो वाकला आहे असे समजावे. नंतर दांड्याला चुंबकत्व देऊन त्यावर तेलात कालवलेले लोहचूर्ण सोडतात. चीर असेल तेथे चूर्ण गोळा होऊन रेघ उमटते.

नवे इंजिन फार महाग असते. म्हणून जुने इंजिन पुन्हा बांधताना निर्दोष ठरलेले भाग परत वापरतात; बेअरिंगे मात्र नवीच घालतात. चिरलेला दांडा कितीही स्वस्त मिळाला, तरी तो टाकूनच द्यावा लागतो. येथे काटकसर संपते आणि कंजूषपणा सुरू होतो.

१९०३ च्या नोव्हेंबर अखेरीस राईट बंधूंच्या विमानातील प्रोपेलरच्या पोकळ दांड्याला अशीच चीर आढळली. पैसा बेताचा होता, हिवाळा अंगावर आला होता. तरीही ऑर्व्हिल शेकडो मैलांवरील आपल्या गावी, डेटनला, परत गेला व भरीव पोलादी दांडे घडवून घेऊन आला. १७ डिसेंबर रोजी त्याच दांड्यांवर पंखे फिरले आणि मनुष्य आकाशात उडाला.