लाकडावर लोखंड बसवताना : काढघाल असेल तर आटे धातूचेच हवेत

मोसम आला की कापड दुकानदार लाकडी फळ्यांवर ब्रॅकेट, पाइप आणि हुक चढवतो. मोसम सरला की ते उतरवून माळ्यावर टाकतो. प्रदर्शनात गाळा घेणाऱ्या बंधूंना तर हे वर्षातून अनेकदा करावे लागते. तरीही बहुतेक ठिकाणी हे काम लाकडाच्या साध्या स्क्रूवर भागवले जाते, असे आम्ही पाहतो. त्यात काय धोका आहे, याचा विचार व्हायला हवा.

आधी वजनाचा हिशेब करू. एका पाइपवर ४० साड्या टांगल्या आणि एक साडी ६०० ग्रॅमची धरली, तर भार २४ किलो होतो. त्यात गिऱ्हाइकाचा हिसका वेगळा. पाइप सुटला तर माल मळतो, आणि खाली कोणी उभे असेल तर डोके फुटते.

साधा स्क्रू लाकडाच्या तंतूंत स्वतःचे आटे पाडतो. एकदा बसवून कायम ठेवायचे असेल तर तो उत्तमच. पण प्रत्येक वेळी काढून घातला की तंतू चुरडतात, छिद्र सैल होते आणि पकड जाते. मग सुतार काडी ठोकतो किंवा जाड स्क्रू घालतो. तो इलाज फार काळ टिकत नाही. म्हणून नियम एकच : जो भाग पुन्हा पुन्हा काढायचा, त्याचा बोल्ट धातूच्या आट्यांत फिरावा, लाकडात नव्हे.

यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला, आरपार बोल्ट. फळीची मागची बाजू मोकळी असेल तर याहून मजबूत काही नाही. गोल डोक्याचा, मानेशी चौकोनी असलेला कॅरेज बोल्ट मागून घालावा. चौकोनी मान लाकडात रुतते, त्यामुळे बोल्ट जागी फिरत नाही आणि पुढून एकाच पान्याने नट आवळता येतो. नटाखाली वॉशर हवाच. हलके हुक असतील तर पंखांचा नट चालेल, तो हाताने फिरतो. भाराच्या जागी मात्र साधा नट आणि स्प्रिंग वॉशर वापरावा.

दुसरा, टी-नट. याचे दात लाकडात रुततात. तो नेहमी भाराच्या उलट बाजूने, म्हणजे फळीच्या मागून बसवावा. तसे केले की बोल्टची ओढ त्याला आणखी घट्ट करते. पुढून बसवला तर तीच ओढ त्याला उपटून काढते.

तिसरा, आट्यांचा इन्सर्ट. फळीची मागची बाजू भिंतीला लागलेली असेल तर हाच उपाय. बाहेरचे जाड आटे लाकडात कायमचे बसतात आणि आतल्या बारीक आट्यांत बोल्ट फिरतो. छिद्र पाकिटावर दिलेल्या मापाचेच आणि सरळ पाडावे. सागवान व चांगल्या प्लायवूडमध्ये तो छान धरतो. पार्टिकल बोर्ड भुसभुशीत असतो, तिथे आरपार बोल्ट आणि मोठा वॉशरच बरा. फळीच्या कापलेल्या टोकात पकड कमी असते, ती जागा टाळावी.

बोल्टची लांबीही पाहावी. ६ मिलिमीटर जाडीच्या साध्या बोल्टचे आटे १ मिलिमीटर अंतराने असतात. तो निदान सहा फेरे आत जायला हवा. कोकणपट्टीच्या दमट हवेत साधे लोखंड गंजते आणि लाकडावर काळा डाग पडतो, म्हणून जस्ताचा मुलामा किंवा स्टेनलेस घ्यावे. स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्याच नटात कधी कधी अडकून बसतो. आधी तेलाचा थेंब लावावा.

सुतार बंधूंनाही आमचे एक सांगणे आहे. काम घेतानाच विचारा, हा भाग पुन्हा काढायचा आहे का? उत्तर होय असेल तर इन्सर्टचा वा टी-नटचा थोडा जास्त खर्च गिऱ्हाइकाला समजावून सांगा. तो खर्च एकदाच होतो. सैल झालेल्या छिद्राची दुरुस्ती मात्र दर मोसमात करावी लागते.