कृष्णविवराच्या पोटात सिंग्युलॅरिटी खरंच असते का?

रायपूरच्या बूढापाऱ्यातून तुमचा जुना तोफखानावाला बोलतोय. मागचा भाग ऐकून शेजारची अकरावीतली मुलगी मला बूढा तालाबच्या काठावर गाठून म्हणाली, "आजोबा, कृष्णविवराच्या मध्यभागी घनता अनंत असते म्हणालात. अनंत म्हणजे किती?" मला उत्तर देता आलं नाही, कारण मी ऐकीव वाक्य ठोकून दिलं होतं. आज ती चूक दुरुस्त करतो.

सुरुवात तोफखान्यातूनच करू. कार्ल श्वार्झशिल्ड हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात आघाडीवर तोफखान्यात होते. तिथेच, १९१५ च्या अखेरीस, त्यांनी आइन्स्टाइनच्या नव्या समीकरणांचं पहिलं अचूक उत्तर काढलं. आज ते ज्या रूपात लिहितात, त्यात दोन ठिकाणी अनंत येतं. सूर्याएवढं वस्तुमान घेतलं, तर एक केंद्रापासून सुमारे ३ किलोमीटरवर आणि दुसरं थेट केंद्रात.

पहिलं अनंत खोटं निघालं. उत्तर ध्रुवावर सगळी रेखावृत्तं एकत्र येतात, तिथला रेखांश सांगता येत नाही. म्हणून काही ध्रुव फाटलेला नसतो. दोष आखणीचा. आखणी बदलली की ते अनंत जातं आणि उरते फक्त सीमा, जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही. केंद्रातलं अनंत मात्र आखणी बदलूनही जात नाही.

मग शंका आली, की तारा अगदी गोल धरल्यामुळे तर असं होत नाही ना? १९५५ मध्ये कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींनी एक समीकरण दिलं. गुरुत्वाकर्षणामुळे शेजारशेजारचे मार्ग एकमेकांकडे कसे ओढले जातात, हे त्यातून कळतं. १९६५ मध्ये रॉजर पेनरोज यांनी याच विचाराच्या आधारे दाखवलं, की ओबडधोबड ताराही यातून सुटत नाही. त्यांना २०२० चं नोबेल मिळालं.

पण त्यांनी नेमकं काय सिद्ध केलं? घनता अनंत होते, असं नव्हे. आतल्या काही प्रकाशकिरणांचा मार्ग मध्येच संपतो, पुढे नेता येत नाही, एवढंच. फिरत्या कृष्णविवराचं गणित १९६३ मध्ये मांडणारे रॉय केर यांनी २०२३ मध्ये आक्षेप घेतला, की एवढ्यावरून सिंग्युलॅरिटी सिद्ध होत नाही. तो वाद चालू आहे.

आता आपल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर. १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या रूपात मांडली आणि त्यावर लूप क्वांटम ग्रॅव्हिटी उभी राहिली. कापड लांबून सलग दिसतं, जवळून धागे दिसतात. या सिद्धांतात अवकाशाचंही तसंच आहे. २०१८ मध्ये ओल्मेडो आणि परमप्रीत सिंग यांच्यासोबत त्यांनी न फिरणाऱ्या कृष्णविवराचं गणित केलं. त्यात वक्रता प्रचंड वाढते, पण एका मर्यादेवर थांबते आणि अवकाश-काळ पलीकडे चालू राहतो. निरीक्षणाचा पुरावा अजून नाही, हेही लक्षात ठेवा.

तरुणपणी एका सरावात मी रेंज टेबलच्या शेवटच्या ओळीपुढचं गणित रेटलं आणि भलताच आकडा आला. आमचे सुभेदारसाहेब म्हणाले, "साहेब, टेबल संपलंय. गोळा कुठेतरी पडणारच."

तर बाळ, तुझं उत्तर असं. अनंत हे मोजमाप नाही. आइन्स्टाइनचं टेबल तिथे संपतं, एवढीच ती खूण. आत काहीतरी घडत असणारच. ते सांगणारं पुढचं टेबल अजून पक्कं झालेलं नाही.

प्रश्न विचारत राहा. पुढच्या भागात भेटू.