पाच रीडिंग, तीन सरळ रेषा

दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. शाळेत पाठ करून सोडून दिलेला हा गुणधर्म भोसरी-चाकण पट्ट्यातल्या मशीन शॉपमध्ये रोज आडवा येतो. कारण त्याचाच दुसरा अर्थ असा, की दोन बिंदू कधी वाकडे असूच शकत नाहीत. पट्टीची फक्त दोन टोकं मोजलीत तर उत्तर कायम ‘सरळ’च येणार. खरी तपासणी सुरू होते ती तिसऱ्या बिंदूपासून. (दोनच रीडिंगवर ‘संबंध रेषीय आहे’ म्हणणाऱ्या आलेखाचंही तेच!)

पण जास्त बिंदू घेतले, की ते एकरेषीय नसतात. मग रेषा कुठली धरायची?

समजा, ४०० मिमीची गाइड पट्टी सरफेस प्लेटवर ठेवली, दोन्ही टोकांना डायल गेज शून्यावर जुळवला आणि दर १०० मिमीला रीडिंग घेतलं: ०, +६, ०, −६, ० मायक्रॉन. ड्रॉइंगवर सरळपणाची मर्यादा १० मायक्रॉन.

टोकं जोडून रेषा काढली तर वर ६, खाली ६, एकूण १२. पार्ट रिजेक्ट. आता आपली लाडकी किमान वर्ग पद्धत लावा. रेषा दर १०० मिमीला १.२ मायक्रॉन उतरते आणि उत्तर येतं ९.६. पास, पण काठावर. तिसरा मार्ग म्हणजे सगळे बिंदू आत मावतील अशी दोन समांतर रेषांची सर्वांत अरुंद जोडी शोधायची. इथे वरची रेषा दुसऱ्या आणि पाचव्या बिंदूतून जाते, खालची पहिल्या आणि चौथ्यातून. दोन्हींचा उतार दर १०० मिमीला २ मायक्रॉन, म्हणून समांतर. अंतर ८. आरामात पास.

वहीत काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आयएसओ ११०१ मधली सरळपणाची व्याख्या समांतर रेषांच्या पट्ट्यावरच उभी आहे, त्यामुळे तिसरं उत्तर तिला धरून आहे. तरी किमान वर्ग पद्धत लोक सोडत नाहीत, आणि मला ते पटतं. तिथे प्रत्येक बिंदूला मत असतं. अरुंद जोडी मात्र कडेचे तीन-चार बिंदूच ठरवतात. सीएमएमने शेकडो बिंदू घेतले आणि त्यातल्या एकाखाली चिपचा कण आला, तर पूर्ण निकाल तो कण ठरवतो. म्हणून माझ्या नोंदवहीत सरळपणाच्या आकड्यासमोर पद्धत आणि बिंदूंची संख्या, दोन्ही लिहिलेलं असतं.